गावाची गणती आणि गावाची वाट
(महाजन मेळाव्यात केलेले भाषण)



गाणगापूरची यात्रा आपल्या अनेक घराण्यांत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. पण यात्रेकरू देव पाहून परततो; ज्या गावात तो उतरतो ते गाव पाहावयाचे राहून जाते. त्या गावाविषयी आज दोन शब्द बोलण्याचे योजिले आहे.

गाणगापूर हे कलबुर्गी जिल्ह्याच्या अफजलपूर तालुक्यातील, भीमा-अमरजा संगमाजवळचे खेडे. मुंबई-मद्रास लोहमार्ग १८७१ साली रायचूरपर्यंत जोडला गेला आणि या प्रदेशाचे दार उघडले. पण स्थानकाचे नाव ‘गाणगापूर रोड’. तेथून गाव वीसेक किलोमीटर दूर. गाडी देवाचे नाव घेऊन थांबते, उरलेली वाट मात्र बसने किंवा जीपने काढावी लागते. पौर्णिमेस व दत्तजयंतीस एवढा समुदाय लोटतो की, गावची मूळ वस्ती त्यात दिसेनाशी होते. जनगणना मोजते ती रहिवाशांना. पाणी, रस्ता, स्वच्छता यांचा भार मात्र येणाऱ्या प्रत्येकाचा असतो.

गणतीवर गावाचे भाग्य कसे अवलंबून असते, याचे एक उदाहरण देतो. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत सपाट प्रदेशातील वस्तीला पक्का रस्ता मिळण्यासाठी पाचशे लोकसंख्येची अट होती. साडेचारशेंच्या वाडीतही बाळंतीण अडते, पण कागदावर ती वाडी बसत नाही. २०११ साली बीदर जिल्ह्याची लोकसंख्या १७,०३,३०० आणि त्या वेळच्या गुलबर्गा जिल्ह्याची २५,६६,३२६ भरली. २०२१ ची गणना करोनामुळे लांबली, आणि दशकाहून जुन्या आकड्यांवर योजना आखल्या गेल्या.

या भूमीची दुसरी अडचण सीमेची. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुना बीदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. भालकी व हुमनाबाद तेव्हाच्या म्हैसूर राज्यात राहिले, उदगीर व निलंगा मुंबई राज्यात गेले, जहीराबाद आंध्रात. सोयरीक पूर्वीचीच राहिली. मात्र कचेरी, शाळेची भाषा आणि एस. टी. वेगवेगळ्या झाल्या. बीदर व कलबुर्गी ही शेजारची शहरे. पण त्यांना जोडणारा ११० किलोमीटरचा थेट लोहमार्ग नव्वदीच्या दशकात मंजूर होऊन अखेर २९ ऑक्टोबर २०१७ रोजी पुरा खुला झाला. तोवर आगगाडीने जावयाचे तर विकाराबादकडून वळसा घ्यावा लागे.

वाट झाली की गाव सुधारते, हे अर्धे सत्य होय. ज्या रस्त्याने कलबुर्गीची तूर बाजारात जाते, त्याच रस्त्याने तरुण मुलगा पुण्या-हैदराबादेस जातो. तरीही रस्ता नको, असे कोण म्हणेल? जून २०२३ पासून कर्नाटकातील स्त्रियांना राज्याच्या साध्या बसगाड्यांतून मोफत प्रवास मिळाला. पण बस गावात येत असेल तरच त्या सवलतीला अर्थ. ज्याला सकाळी जाऊन सायंकाळी परतता येते, त्याला घर सोडावे लागत नाही. म्हणून पहिल्या गाडीइतकीच शेवटची गाडी महत्त्वाची.

आता आपल्याकडे वळू. १९३३ सालच्या माझानी नियमावलीप्रमाणे आपली नोंद कुळावरून होते, वास्तव्यावरून नव्हे. आपण मुंबईस असू, बेळगावास असू, तरी महाजन आहोत. शासनाच्या गणतीत मात्र आपल्या देवस्थानच्या गावी आपण नाही. जत्रेस आपण मोटारी घेऊन येतो. धूळ, कचरा आणि अडलेली वाट गावकऱ्यांच्या वाट्याला ठेवून परततो. गाणगापूरच्या यात्रेकरूहून आपण फारसे वेगळे नाही.

माझी विनंती एवढीच. समितीने जत्रेच्या दिवसांत आलेल्या माणसांची व वाहनांची नोंद दरवर्षी ठेवावी, ती पंचायतीस व वाहतूक खात्यास द्यावी आणि पालखीनंतर रात्रीची एक बस मागावी. आयुष्यभर कारकुनी केलेल्या माणसाचा अनुभव असा की, तोंडी गाऱ्हाणे विरून जाते. तारखेनिशी लिहिलेला आकडा दप्तरात राहतो आणि कधी ना कधी उत्तर मागतो.