खिशांतील घंटा आणि कामाची वेळ



आमच्या तरुणपणीं कचेरींत टेलिफोन एकच असे आणि तो हेडक्लार्कच्या टेबलावर असे. त्याच्या तबकडीला बारीकसें कुलूप लावलेलें असे आणि किल्ली हेडक्लार्कच्या जुडग्यांत असे. कोणाच्या घरून फोन आला, तर साऱ्या खोलीला ऐकूं जाईल अशा स्वरांत त्याच्या नांवाचा पुकारा होई. आणि तो गृहस्थ मान खालीं घालून, दहा माणसांच्या देखत ‘हो’, ‘बरें’, ‘येतों’ एवढे तीन शब्द बोलून परत आपल्या जागीं येई. घरीं टेलिफोन नसलेल्यांनीं शेजाऱ्याचा क्रमांक ‘पी. पी.’ अशीं दोन अक्षरें जोडून देण्याची चालहि आपल्यापैकीं पुष्कळांना आठवत असेल. नोकरांनीं कामाच्या वेळीं खासगी बोलणें किती करावें, हा प्रश्न त्या काळीं एका पितळी कुलुपानें सोडविला होता.

हें कुलूप हळूहळू निघालें. ३१ जुलै १९९५ रोजीं पश्चिम बंगालचे त्या वेळचे मुख्यमंत्री ज्योति बसु यांनीं कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशीं मोबाइलवर संभाषण केलें, आणि भारतांत या यंत्राचा प्रवेश झाला. आरंभीं आलेला फोन ऐकण्याचेहि पैसे पडत. त्यामुळें माणूस घड्याळाकडे पाहून बोले. २००३ मध्यें येणारा फोन फुकट झाला, पुढें इंटरनेट स्वस्त झालें, आणि हेडक्लार्कच्या टेबलावरचें यंत्र शिपायापासून साहेबापर्यंत प्रत्येकाच्या खिशांत जाऊन बसलें.

आतां या यंत्रांत बोलणें हा सर्वांत लहान भाग राहिला आहे. त्यांत बँक आहे, वर्तमानपत्र आहे, क्रिकेटचा सामना आहे, मुलाच्या शाळेची सूचना आहे, आजारी आईचा डॉक्टर आहे. ‘कामावर मोबाइल वापरूं नका’ असें जेव्हां अधिकारी म्हणतो, तेव्हां तो यांतील नेमकें काय बंद करीत आहे, हें पुष्कळदां त्याला स्वतःलाहि ठाऊक नसतें. मला तें ठाऊक नव्हतें. त्या अज्ञानाची किंमत दुसऱ्यांना द्यावी लागली, म्हणून आज हा विषय घेऊन मी आपणांपुढें आलों आहें.

पुण्याजवळच्या एका कारखान्यांत पत्रा कापण्याच्या व दाबण्याच्या खात्याची देखरेख माझ्याकडे होती. सन २०१४ च्या पावसाळ्यांतील गोष्ट. रात्रपाळीला एक तेवीस वर्षांचा मुलगा डाव्या हातांत मोबाइल धरून उजव्या हातानें साच्यांतील पत्रा काढीत होता. अशा प्रेसला दोन्ही हातांनीं एकदम दाबावयाचीं दोन बटणें असतात. तीं यासाठीं कीं, दाब उतरतांना दोन्ही हात साच्याच्या बाहेर असावेत. या मुलानें त्यांतील एक बटण लाकडाची पाचर ठोकून कायमचें दाबून ठेविलें होतें, आणि दुसरें तो फोन धरलेल्या हाताच्या कोपरानें दाबी. नजर पडद्यावर असतां कोपराचा दाब अवेळीं पडला आणि उजव्या हाताचीं दोन बोटें गेलीं.

चौकशी झाली. सारा दोष मोबाइलवर गेला, आणि मीं तो जाऊं दिला. ती पाचर मीं पूर्वीं अनेकदां पाहिली होती. तिच्यामुळें तासाचे नग वाढत, म्हणून तिकडे मीं काणाडोळा केला होता. हें मीं चौकशींत सांगितलें नाहीं.

अवधान दुभागलें म्हणजे काय होतें, याचें एक फार मोठें उदाहरण अमेरिकेंत घडलें आहे. १२ सप्टेंबर २००८ रोजीं सायंकाळीं लॉस एंजेलिस शहराच्या चॅट्सवर्थ या भागांत एक उतारूंची गाडी तांबडा सिग्नल ओलांडून समोरून येणाऱ्या मालगाडीवर आदळली. पंचवीस माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्यांत गाडीचा चालकहि होता. टक्कर होण्याच्या अवघे बावीस सेकंद आधीं त्यानें आपल्या मोबाइलवरून एक संदेश धाडला होता, असें अधिकृत चौकशींत सिद्ध झालें. पुढच्याच महिन्यांत तेथील रेल्वेच्या शासनानें इंजिनांत मोबाइल वापरण्यास मनाई केली. परंतु तेवढ्यावर तो देश थांबला नाहीं, ही गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. त्याच ऑक्टोबरांत त्यांच्या काँग्रेसनें कायदा करून, चालकानें सिग्नल ओलांडल्यास गाडी आपोआप थांबेल अशी यंत्रणा मुख्य मार्गांवर बसविण्याची सक्ती केली. माणसाचें लक्ष केव्हांतरी चळणारच, हें त्यांनीं गृहीत धरलें. आम्हीं मात्र पाचर तशीच ठेवून मोबाइल काढून घेतला.

अपघातानंतरच्या आठवड्यांत कारखान्याच्या दरवाजाशीं लहान लहान कप्प्यांचें एक लोखंडी कपाट आलें. कामावर येणाऱ्या प्रत्येकानें आपला मोबाइल कप्प्यांत ठेवावा, किल्ली पहारेकऱ्याकडे द्यावी आणि सुटल्यावर परत घ्यावा, असा हुकूम निघाला. अधिकाऱ्यांना त्यांतून वगळलें होतें. हा हुकूम मीं लिहिला आणि त्याचें पुष्कळ कौतुकहि झालें.

सुमारें सव्वा वर्षानें, माल तपासण्याच्या विभागांत काम करणाऱ्या एका बाईंचे वडील शहरांतल्याच एका रुग्णालयांत अत्यवस्थ झाले. रुग्णालय कारखान्यापासून पाऊण तासाच्या अंतरावर होतें. सकाळीं दहापासून तिच्या भावानें तिच्या मोबाइलवर अकरा वेळां फोन केला. ती घंटा दरवाजाजवळच्या कपाटांत वाजत राहिली. मग त्यानें तिच्या ओळखपत्राच्या प्रतीवरून कारखान्याचा क्रमांक फिरविला. तो जुन्या टेलिफोन-बोर्डाचा क्रमांक होता. आणि तो बोर्ड, एका माणसाचा पगार वांचावा म्हणून, आदल्या वर्षीं बंद केला होता. बाई तीन वाजतां सुटली. वडील दीड वाजतां गेले होते.

दहा-बारा दिवसांनीं ती कामावर आली. तिनें तक्रार केली नाहीं, अर्जहि केला नाहीं. मी खात्यांतून फिरत असतां तिनें एवढेंच विचारलें, “साहेब, तुमचा फोन कुठें असतो?” त्या वेळीं माझा फोन माझ्या खिशांत होता.

हीं दोन माणसें डोळ्यांपुढें ठेवूनच या प्रश्नाचा विचार केला पाहिजे, असें मला वाटतें. जेथें हातापायाला किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका आहे — चालू यंत्र, क्रेन, बसचें चक्र, इंजिनाची खोली — तेथें मोबाइल जवळ असूंच नये. यांत मी तिळमात्र सवलत मागत नाहीं. तो जवळ ठेवून न वापरण्याचा निश्चय करणें पुरेसें नाहीं. फ्लोरिडा राज्याच्या विद्यापीठांतील संशोधकांनीं २०१५ मध्यें प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, फोनला हात न लावतां केवळ संदेश आल्याची चाहूल लागली तरी लक्षपूर्वक करावयाच्या कामांत चुका वाढतात, असें आढळून आलें. ‘मी नुसता जवळ ठेवतों’ ही सबब म्हणून टिकत नाहीं.

कचेरीची गोष्ट वेगळी आहे. टेबलावर बसून हिशेब लिहिणाऱ्या मनुष्यानें पत्नीला ‘पोहोंचलों’ असा निरोप धाडला, तर कोणाचें बोट तुटत नाहीं. मात्र खिडकीपलीकडे दाखला घेण्यासाठीं तालुक्याच्या गांवाहून आलेला शेतकरी उभा असतां कारकुनानें पडद्यावरचा विनोद वाचून हंसत बसावें, हा त्या शेतकऱ्याच्या दिवसावर दरोडाच आहे. महाराष्ट्र शासनानें जुलै २०२१ मध्यें आपल्या कर्मचाऱ्यांस याविषयीं सूचना दिल्या: शक्यतों कचेरीचा दूरध्वनि वापरावा, मोबाइल गरजेपुरताच वापरावा, हळू आवाजांत व सौजन्यानें बोलावें, खासगी फोन आल्यास बाहेर जाऊन बोलावें, बैठकींत मोबाइल पाहत बसूं नये. पुढें मार्च २०२२ मध्यें मद्रास उच्च न्यायालयानें, सरकारी कर्मचाऱ्यांनीं कामाच्या वेळीं खासगी कारणासाठीं मोबाइल वापरणें उचित नाहीं असें म्हणून, तमिळनाडू सरकारला त्यासंबंधीं नियम करण्यास सांगितलें. त्या प्रकरणाचें मूळ कार्यालयांत सहकाऱ्यांचें चित्रण केल्याच्या तक्रारींत होतें. मला महाराष्ट्राच्या सूचनांतील ‘बाहेर जाऊन बोलावें’ हें वाक्य आवडतें. कारण घरून फोन येणारच, हें त्यांत मान्य केलेलें आहे.

आतां साहेबलोकांविषयीं दोन शब्द, कारण मी त्यांतलाच. जो अधिकारी दिवसां पांच मिनिटांच्या खासगी संदेशाबद्दल डोळे वटारतो, तोच रात्रीं दहा वाजतां व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर ‘उद्यां सकाळीं तक्ता पाहिजे’ असें लिहितो, आणि कोणीं उत्तर दिलें नाहीं तर मनांत नोंद करून ठेवतो. नोकराच्या पदरच्या मोबाइलवर, त्याच्याच पैशानें, त्याच्या जेवणाच्या ताटाजवळ कचेरी येऊन बसते. फ्रान्सनें १ जानेवारी २०१७ पासून पन्नास व त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या संस्थांना, कामाच्या वेळेबाहेर संपर्क तोडण्याच्या हक्काविषयीं कामगारांशीं बोलणीं करणें भाग पाडलें. ऑस्ट्रेलियांत ऑगस्ट २०२४ पासून असा हक्क अमलांत आला. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनीं डिसेंबर २०१८ मध्यें याच आशयाचें खासगी विधेयक लोकसभेंत मांडलें होतें. त्याचा कायदा झाला नाहीं. पण रात्रीं दहाचा संदेश सकाळीं नवापर्यंत राखून ठेवण्यासाठीं अधिकाऱ्याला कायद्याची वाट पाहण्याचें कारण काय?

आणखी एक मोह अधिकाऱ्यांना होतो, तो म्हणजे डोकावण्याचा. रोमानियांतील एका खासगी कंपनीनें विक्रीचें काम पाहणाऱ्या एका अभियंत्याला, कामासाठीं उघडलेल्या संदेशखात्यावरून खासगी निरोप धाडल्याबद्दल २००७ मध्यें कामावरून काढलें, आणि पुरावा म्हणून त्याचे भावाशीं व भावी पत्नीशीं झालेले अगदीं घरगुती संवाद छापून पुढें ठेविले. हा बर्बुलेस्कु यांचा खटला युरोपच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेला. तेथें २०१६ मध्यें ते हरले. पण ५ सप्टेंबर २०१७ रोजीं त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठानें त्यांच्या बाजूनें निकाल दिला. नोकराचें खासगी जीवन कचेरीच्या उंबरठ्यावर संपत नाहीं, त्याच्या संदेशांवर पाळत ठेवावयाची तर आधीं त्याला त्याची स्पष्ट कल्पना दिली पाहिजे, असा त्या निकालाचा आशय. त्याच्या थोडें आधीं, २४ ऑगस्ट २०१७ रोजीं, आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनींहि खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचें एकमतानें सांगितलें होतें. नोकराच्या वेळेचा हिशेब मागण्याचा अधिकार धन्याला आहे. तो वेळ त्यानें कोणाशीं काय बोलण्यांत घालविला, हें वाचण्याचा नाहीं.

त्या बाईच्या प्रश्नानंतर आम्हीं काय केलें, तें सांगतों. प्रथम प्रेसवरच्या पाचरी काढल्या आणि साच्यासमोर प्रकाशाचा पडदा बसविला, म्हणजे हात आंत असेपर्यंत दाब उतरूंच नये. तासाचे नग कमी झाले; वरून दोनदां विचारणा झाली; त्या वेळीं पाचरीची हकीकत मीं लेखी कळविली. बोटें गेलेल्या मुलाला त्याचा काय उपयोग? तो तोंवर गांवीं निघून गेला होता. यंत्रखात्यांत जातांना मोबाइल कपाटांत ठेवण्याचा नियम मात्र कायम राहिला. परंतु तो आतां मलाहि लागू झाला, आणि पहिला कप्पा माझा ठरला. चहाच्या दोन्ही सुट्यांना कपाट उघडूं लागलें. ज्याच्या घरीं दुखणें आहे त्यानें सकाळीं फोरमनला सांगावें, त्याचा फोन फोरमनच्या टेबलावर राहील, अशी मुभा दिली. आणि खात्याच्या खोलींत तारेचा टेलिफोन बसवून प्रत्येक पाळीला एक माणूस त्यावर नेमला. मालकांना तो पगार जड वाटला. दोन महिने पत्रव्यवहार चालला. शेवटीं मंजुरी आली. क्रमांक छापलेलीं कार्डें घरोघर पाठविलीं, आणि आलेला प्रत्येक निरोप वेळेसह वहींत लिहून ताबडतोब पोहोंचवावा असें ठरलें.

ती वही मीं निवृत्त होईपर्यंत पाहत असें. तिच्यांतली पहिली नोंद एका कामगाराच्या लहान मुलीच्या फोनची आहे: बाबांच्या डब्यांत लोणचें घालावयाचें राहिलें. फोनवरच्या माणसानें वेळ घातली आहे, अकरा वाजून दहा मिनिटें. आणि पुढें लिहिलें आहे, ‘निरोप पोहोंचविला’.