सात घरांचा फेरा

(आकाशवाणीवर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



मांजर आपली पिल्लं सात घरं फिरवते, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. रत्नागिरीत बंदराच्या वाटेवर आमचं घर आहे. त्या सात घरांतलं एक घर आमचं, हे ठरलेलंच. कधी माळ्यावर, कधी लाकडांच्या खोपीत, आणि एकदा तर माझ्या कवितांच्या वह्यांच्या खोक्यात मनी व्याली. कवी म्हणून मला त्याचं अप्रूप वाटलं, चार ओळीही सुचल्या. नवरा म्हणून मात्र बोलणी खावी लागली.

पुढचं सांगायला जड जातं, पण सांगतो. तिच्या तिसऱ्या वेताला पाच पिल्लं झाली. घेणारं कुणी मिळेना. ती दोन महिन्यांची झाल्यावर एका पहाटे मी त्यांना पिशवीत घातलं आणि मिरकरवाड्याच्या बंदरावर सोडून आलो. तिथं मासळी आहे, पोटं भरतील, अशी मनाची समजूत घातली. चौथ्या दिवशी बांगडे आणायला गेलो, तर बर्फाच्या खोक्यांआड त्यातलं एकच दिसलं. डोळे चिकटलेले, पोट पाठीला लागलेलं. घरी आणलं, पण वाचलं नाही. हदीसमध्ये एका बाईची गोष्ट आहे. मांजर कोंडून उपाशी मारलं म्हणून ती शिक्षेला पात्र ठरली. अम्मीने तीच आठवण करून दिली आणि म्हणाली, "कोंडून मारलं काय नि सोडून मारलं काय, मांजराला सारखंच रे."

त्यानंतर मी थोडा हिशेब मांडला. मांजर पाच-सहा महिन्यांची झाली की माजावर येते. सुमारे नऊ आठवड्यांत विते. पिल्लं अंगावर पीत असतानाही पुन्हा गाभण राहू शकते. वर्षाला दोन वेतं आणि दर वेताला चार पिल्लं धरली, तरी एका मांजरीची आठ पिल्लं झाली. त्यातल्या निम्म्या माद्या. पण गल्लीत तेवढी मांजरं दिसत नाहीत. का? कारण बरीचशी पिल्लं गाडीखाली, कुत्र्यांच्या तोंडी, रोगराईनं किंवा भुकेनं मरतात. मांजरं उचलून दुसरीकडे सोडण्यानंही काही साधत नाही. जिथं अन्न आहे, तिथं नवी मांजरं येतातच.

उपाय एकच, ऑपरेशन. खासगी दवाखान्यात चौकशी केली, तर मादीचा खर्च साडेचार हजार. दुसरीकडे गेलो, तिथं "आम्ही गाई-म्हशी बघतो, मांजराचं काय घेऊन बसलात?" असं उत्तर मिळालं. मुंबईत परळला एकोणिसाव्या शतकापासून प्राण्यांचं धर्मादाय रुग्णालय आहे. मोठ्या शहरांत संस्था सवलतीत ऑपरेशनं करतात. लहान गावांत तशी सोय सहजी सापडत नाही. आमच्या शेजारच्या भाभी मासळी विकतात आणि उरलेल्या डोक्या-शेपट्यांवर नऊ मांजरं पोसतात. त्यांनी साडेचार हजार कुठून आणायचे?

भाभींनीच वाट दाखवली. म्हणाल्या, "मांजर सात घरं फिरते ना, मग पैसे एकाच घरानं का द्यायचे? भिशी लावू." आणि खरंच आम्ही मांजरांची भिशी लावली. पंधरा घरं, दर घरी महिन्याला दोनशे रुपये. तीन हजार जमायचे. एका तरुण डॉक्टरांना भेटलो. ते म्हणाले, "एका दिवशी दोन-तीन मांजरं आणा. पकडणं आणि नंतरची शुश्रूषा तुम्ही करा. मी पंधराशेत करीन." तयारी एकदाच करावी लागते आणि मांजर दवाखान्यात ठेवून घ्यावं लागत नाही, म्हणून त्यांना ते परवडतं.

अम्मी मात्र रुसली. "तिचं आईपण काढून घेणारे आपण कोण?" हा प्रश्न मलाही टोचला. मी तिला एवढंच विचारलं, "आणि ती पाच पिल्लं?" ती बराच वेळ गप्प बसली. मग उठून तिनं स्वतःची जुनी चादर पिंजऱ्यावर घालायला दिली.

या कामात शिकलेल्या चार गोष्टी सांगतो. मादीचं बीजकोश आणि गर्भाशय काढतात, बोक्याचे अंडकोष. दोन्ही भूल देऊनच. मोठ्या मांजराला आधी किती तास उपाशी ठेवायचं, ते डॉक्टरांना विचारावं. पिल्लांना मात्र फार वेळ उपाशी ठेवू नये. घरी आणल्यावर पुरती शुद्ध येईपर्यंत कोरड्या, उबदार जागी ठेवावं. मादीला टाका भरेपर्यंत, साधारण आठ-दहा दिवस, बाहेर सोडू नये. आणि कळ लागत असेल म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी चुकूनही देऊ नये. मांजराला ते विष आहे. त्याच वेळी रेबीजची लस टोचून घ्यावी. रस्त्यावरच्या मांजराच्या कानाचं टोक भुलीतच थोडं कापतात. त्या खुणेमुळे तेच मांजर पुन्हा पकडलं जात नाही.

वर्षभरात आमची १९ मांजरं झाली. उरलेले पैसे लशीला, औषधांना आणि रिक्षाला गेले. बोक्यांची रात्रीची भांडणं कमी झाली. भाभींची मांजरं अंगानं भरली.

पण भिशीवर सगळ्या गावाचा भार चालणार नाही. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीचे नियम केंद्र सरकारने २००१ साली केले, २०२३ साली नवे आले. त्यामुळे कुत्र्यांसाठी निदान कुणाकडे जायचं ते कळतं. नगरपालिकांनी त्याच कामात महिन्यातला एक दिवस मांजरांसाठी ठेवावा, परवडेल असं शुल्क घ्यावं. पकडून आणायला माणसं गल्लीतच मिळतील. आपण आपल्या नगरसेवकाकडे रस्ता मागतो, नळ मागतो. हेही मागावं.

आमची मनी आता म्हातारी होत चालली आहे. वह्यांच्या खोक्यात अजून झोपते, पण एकटीच. मी बंदरावर गेलो की त्या बर्फाच्या खोक्यांआड नजर जातेच. तिथं अजूनही पिल्लं दिसतात. कुणीतरी पहाटे पिशवी घेऊन येत असणार. त्याला रागावण्याआधी मला त्याला भिशीचं सांगायचं आहे.