पान पाहून औषध सांगणारे यंत्र
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



मघाशी या मंचावर संगणकशास्त्र शिकणारा एक मुलगा बोलला. शेतकऱ्याच्याच घरातला आहे. कपाशीच्या पानाचा फोटो काढा, मोबाइल रोगही सांगेल आणि औषधही, असे यंत्र तो तयार करतो आहे. पैसे घेणार नाही म्हणतो. त्याच्या हेतूबद्दल मला शंका नाही. शेतकीची पदवी घेऊन मीही असाच हेतू घेऊन गावात आलो होतो, आणि पहिल्याच हंगामात लाल्यावर बुरशीनाशक सांगून बसलो. पैसे माझे गेले नाहीत. ज्याचे गेले त्याने दोन वर्षे माझा रामराम घेतला नाही.

२०१६ साली स्वित्झर्लंड आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी पानांचे ५४,३०६ फोटो दाखवून संगणकाला २६ रोग शिकवले. त्याच ढिगातून बाजूला ठेवलेल्या फोटोंवर परीक्षा घेतली, तर ९९ टक्क्यांहून जास्त उत्तरे बरोबर! मग दुसरीकडचे फोटो दिले, तर गाडी ३१ टक्क्यांवर आली. हे त्यांनी स्वतःच छापले, लपवले नाही. शिकवणीचे फोटो एकेक पान साध्या कागदावर ठेवून काढलेले होते. आपल्या शिवारात धूळ आहे, सावली आहे, पानावर पान आहे. शिवाय त्यांच्या १४ पिकांत कपाशी नाही, तूर नाही. सोयाबीन आहे, पण निरोगीच!

मॅग्नेशियम कमी पडले तरी कपाशीचे पान लाल होते, तुडतुड्यांनी रस शोषला तरी लाल होते. तुडतुडे बसतात पानाखाली आणि फोटो निघतो वरून. उत्तर चुकले की पंप कोणाच्या पाठीवर चढतो? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले. त्यात मजुरीने फवारणारे होते, औषध कोणते हे ठरवणारे ते नव्हते.

म्हणून मी या मुलाला म्हटले, तुझ्या यंत्राला आधी "मला ओळखता येत नाही, पान उलटून पाहा" एवढे बोलायला शिकव. औषधाचे नाव नंतर. आणि आमच्या शेताचे फोटो औषध कंपनीच्या हाती जाणार नाहीत, हे लिहून दे. तो कबूल झाला आहे.

खरिपात तो गावोगाव येईल. आपले शेत दाखवायला जे तयार असतील त्यांनी चहाच्या टेबलापाशी नावे द्यावीत. तो कागद हातात पडल्याशिवाय मात्र त्याला बांधावरच उभा ठेवा.