चार दिवस सासूचे



आपल्याकडील लग्नपत्रिकेत निमंत्रक वडीलधारे असतात. विवाह हा दोन व्यक्तींइतकाच दोन घराण्यांचा व्यवहार आहे, ही त्याची उघड कबुलीच असते. पुढे संसारात बेबनाव झाला, की मात्र खापर स्वभावांवर फुटते : सासू खाष्ट, सून उद्धट, मुलगा नेभळट. स्वभाव माणसागणिक भिन्न असतात. तक्रार मात्र घरोघरी एकच. तेव्हा तिचे मूळ स्वभावापेक्षा कुटुंबाच्या रचनेत शोधले पाहिजे.

'चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे' ही म्हण अर्थशास्त्राच्या दृष्टीने वाचून पाहावी. सुनेने उमेदीची वर्षे विनामोबदला राबावे आणि मोबदला पुढे स्वतःच्या सुनेवरील सत्तेच्या रूपाने घ्यावा, असा हा थकीत मजुरीचा करार आहे. थकबाकी घराण्याची, वसुली मात्र परक्या घरातून नव्याने आलेल्या मुलीकडून! या श्रमाचे मोजमाप सरकारनेच केले आहे. वेळेच्या वापराविषयीच्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दररोज सरासरी २९९ मिनिटे, तर घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे देत असल्याचे आढळले. २०२४ च्या पाहणीत हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ झाले. स्त्रीची दहा मिनिटे वाचली, पण तो भार पुरुषाने उचलल्याचे दिसत नाही.

सासूची बाजूही समजून घेतली पाहिजे. जिच्या नावावर घर नाही, जमीन नाही, निवृत्तिवेतन नाही, तिच्या म्हातारपणाची तरतूद म्हणजे तिचा मुलगा. दारिद्र्यरेषेखालील वृद्धांसाठी असलेल्या राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत ६० ते ७९ या वयोगटासाठी केंद्राचा वाटा दरमहा अवघा २०० रुपये आहे. राज्ये त्यात आपापली भर घालतात. तरीही त्या रकमेवर कोणी निर्धास्त राहू शकत नाही. अशा स्त्रीला सून ही आपल्या एकमेव ठेवीवर हक्क सांगणारी दुसरी दावेदार वाटली, तर नवल नाही. मुलगा आणि सून दोघेच सिनेमाला गेल्याचे दुःख हे सिनेमाचे दुःख नसते.

या ओढाताणीत पतिपत्नींचे नाते आक्रसते. घर वडिलांच्या नावावर आणि पगार आईच्या हाती असेल, तर मुलगा पत्नीची बाजू कशाच्या बळावर घेणार? तो गप्प बसतो. जग त्या मौनाला मातृभक्ती म्हणते. पत्नीच्या लेखी मात्र ती साथ सोडल्याची खूण असते.

न्यायव्यवस्थाही येथे दोन दिशांना पाहते. सबळ कारणाशिवाय पतीला त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांपासून वेगळे करण्याचा पत्नीचा सततचा आग्रह ही क्रूरता होय, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली म्हटले. वधूने आपल्या आईवडिलांना सोडून येणे मात्र रीत ठरते. आणि तरीही २००७ चा ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा मुलीवरही मुलाइतकीच जबाबदारी टाकतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचा अर्थ लावताना २०२० साली त्याच न्यायालयाने, घर सासऱ्यांच्या मालकीचे असले तरी ते सामायिक निवासस्थान ठरू शकते आणि तेथे राहण्याचा हक्क सून मागू शकते, असा निर्णय दिला. निर्णय मोलाचाच आहे. पण डोक्यावर छप्पर मिळणे वेगळे आणि घर आपले होणे वेगळे.

म्हणून केवळ सामंजस्याचे उपदेश पुरे पडणार नाहीत. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेने जमिनीच्या उताऱ्यावर पत्नीचे नाव लावण्याचा आग्रह धरला, तेव्हा नेमक्या वर्मावर बोट ठेवले होते. घर आणि जमीन दोघांच्या नावे असावी, घरकाम पुरुषाने निम्मे उचलावे, उभयतांच्या आईवडिलांचा भार सारखाच मानावा, आणि प्रत्येक वृद्धाला जगण्यापुरते निवृत्तिवेतन हक्क म्हणून मिळावे. यांतील पहिल्या तीन गोष्टी घराघरांतून सुरू करता येतील. चौथीसाठी रस्त्यावर उतरावे लागेल. त्या मोर्चात सासू आणि सून यांनी शेजारी शेजारी चालावे, कारण त्यांचे हितसंबंध परस्परविरोधी नाहीत. मुलावर विसंबून राहण्याची गरज सासूला उरली नाही, तर सुनेलाही आपल्या चार दिवसांची वाट पाहत बसावे लागणार नाही.