सोन्याचे रवे

हातानें दागिने घडविणाऱ्या कारागिराला स्फूर्ति कोठून मिळते, आणि विद्या कोठून मिळते? हे दोन प्रश्न वरवर पाहतां एकच वाटतात; परंतु ते एक नव्हेत. सुंदर वस्तु पाहून मन उचंबळून येणें ही स्फूर्ति. ती एका क्षणांत येते. तीच वस्तु आपल्या हातून उतरावी एवढें सामर्थ्य बोटांत येणें ही विद्या. तिला वर्षें लागतात, आणि कधीं कधीं पिढ्याहि लागतात. या दोहोंमधील अंतर किती मोठें असूं शकतें, हें रोम शहरांतील एका सोनाराच्या घराण्याच्या हकीकतीवरून चांगलें कळून येतें.

रोमच्या वायव्येस चेर्वेतेरी नांवाचें गांव आहे. रोमन लोकांचा उत्कर्ष होण्यापूर्वीं त्या भागांत एट्रुस्कन लोक नांदत होते. इ. स. १८३६ सालीं तेथें ख्रिस्तपूर्व सातव्या शतकांतील एक थडगें उघडण्यांत आलें, आणि सुमारें अडीच हजार वर्षें मातीखालीं राहिलेले सोन्याचे अलंकार पुन्हां उजेडांत आले. वस्त्र अडकविण्याचा एक मोठा सोन्याचा आंकडा त्यांत होता. त्यावर सिंहांच्या आकृति उठविलेल्या होत्या, बदकांच्या चिमुकल्या मूर्ति रांगेनें बसविलेल्या होत्या, आणि नक्षी सोन्याच्या बारीक रव्यांनीं आंखलेली होती. हा आंकडा आज व्हॅटिकनच्या संग्रहालयांत पाहावयास मिळतो. एट्रुस्कन कामांतील अगदीं सूक्ष्म रवे मिलिमीटरच्या पांचव्या हिश्शाहूनहि लहान आढळतात. अशा रव्यांची ओळ दुरून पाहिली तर ती रेघच वाटते. भिंग घेतलें म्हणजे मग ती शेंकडों गोल कणांची बनलेली आहे असें ध्यानांत येतें.

रवा तयार करणें त्या मानानें सोपें आहे. सोन्याच्या बारीक तारेचे तुकडे करावे, ते एकमेकांना लागणार नाहींत अशा बेतानें कोळशाच्या भुकटींत पसरावे, आणि मूस तापवावी. सोनें वितळलें म्हणजे प्रत्येक तुकडा पाण्याच्या थेंबाप्रमाणें आपण होऊन गोल होतो. मग ते धुवून, चाळून लहानमोठे वेगळे करावयाचे, एवढेंच उरतें. खरी परीक्षा पुढें आहे. हे रवे पत्र्यावर पक्के बसवावयाचे कसे? नेहमींच्या रीतीनें डाक लावावा, तर तो वितळून रव्यांमधल्या फटींत भरतो आणि सुट्या कणांची झळाळी जाऊन तेथें नुसता ओबडधोबड थर दिसूं लागतो. डाक न लावतां तापवावें, तर शुद्ध सोनें १०६४ अंश सेंटिग्रेडला वितळतें. त्याच्या आसपास पोंचतांना रवे आणि पत्रा दोन्ही एकदमच हातचे जाण्याची भीति. एट्रुस्कन कामांत मात्र रवा पत्र्याला केवळ टेकल्यासारखा दिसतो, आणि तरीहि तो अडीच हजार वर्षांत हललेला नाहीं.

त्या काळीं रोममध्यें फोर्तुनातो पिओ कास्तेल्लानी यांचें सोनारकामाचें दुकान होतें. इ. स. १८१४ सालीं तें सुरू झालें, आणि आरंभीं तेथें पॅरिस व लंडन येथील चालू तऱ्हांचे दागिने घडत असत. पुढें मिकेलांजेलो कायेतानी या विद्याव्यासंगी सरदारांच्या स्नेहामुळें कास्तेल्लानींचें लक्ष प्राचीन अलंकारांकडे वळलें. चेर्वेतेरीचे अलंकार त्यांना जवळून पाहावयास मिळाले, आणि त्या घराण्याला एकच ध्यास लागला: हें काम आपल्या हातून झालें पाहिजे. आलेस्सांद्रो आणि आउगुस्तो या त्यांच्या पुत्रांनींहि तो ध्यास पुढें चालविला.

स्फूर्ति मिळाली होती. आतां विद्या हवी होती. प्रथम त्यांनीं ग्रंथांचा आधार घेतला. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील रोमन ग्रंथकार प्लिनी यानें सोनें जोडण्याच्या कामीं लागणाऱ्या तांब्याच्या हिरव्या द्रव्यांचें वर्णन करून ठेवलें आहे. त्यांपैकीं एकाचें नांवच मुळीं ‘सोन्याचा डिंक’ या अर्थाचें आहे. सोळाव्या शतकांतील प्रख्यात सोनार बेन्व्हेनुतो चेल्लिनी याच्या १५६८ सालीं छापलेल्या ग्रंथांत तारकाम जोडण्यासाठीं जंगाल, नवसागर आणि टाकणखार यांचें मिश्रण सांगितलें आहे. म्हणजे रहस्य गुप्त होतें असें नव्हे. तें छापील पानावर उघडें पडलें होतें. परंतु त्यांतील कोणतें द्रव्य कोणतें काम करतें, तें किती घ्यावयाचें आणि अग्नीचा रंग कसा झाला म्हणजे थांबावयाचें, हें दाखविणारा हात त्या पानामागें उरला नव्हता.

तेव्हां ते हातांच्या शोधास लागले, आणि ते हात त्यांना राजधानींत न सांपडतां डोंगरांत सांपडले. मार्के प्रांतांत, आपेनाइन पर्वताच्या आश्रयानें वसलेल्या सांतांजेलो इन व्हादो या गांवीं, शेतकरी स्त्रियांसाठीं दागिने घडविणारे कारागीर होते. शहरांतील सोनारांनीं जुनाट म्हणून टाकून दिलेल्या रीति या मंडळींनीं बापाकडून मुलाकडे अशा चालत ठेविल्या होत्या. ही विद्या थेट एट्रुस्कनांपासून आलेली आहे असें कास्तेल्लानींना वाटे. तें कांहीं सिद्ध झालेलें नाहीं. परंतु गांवच्या त्या कारागिरांना तारा वळविण्याचें आणि बारीक जोडकामाचें जें ज्ञान होतें, तें रोमच्या नामांकित दुकानांत नव्हतें, एवढें खरें. कास्तेल्लानींनीं त्यांतील कांहीं जणांना रोमला आणलें आणि जुने नमुने त्यांच्यापुढें ठेविले. अतिशय नाजुक काम त्यांनीं स्त्रियांकडे सोंपविलें. रवे मांडण्याच्या आणि जोडण्याच्या कामांत त्या स्त्रियांनीं मोठेंच कौशल्य दाखविलें. मान्यता पावलेल्या शहरी सोनारानें खेड्यांतील कारागिरापुढें विद्यार्थी म्हणून बसावें, हें त्या काळांत लहान धैर्याचें काम नव्हतें.

इतकें करूनहि त्यांना पूर्ण यश आलें नाहीं. डाकाचा कीस त्यांनीं पिठासारखा बारीक केला. टाकणखार सोडून निराळीं द्रव्यें वापरून पाहिलीं. त्यांचे दागिने युरोपभर नांवाजले गेले. तथापि १८६१ सालीं लंडन येथें प्राचीन वस्तूंच्या अभ्यासकांपुढें निबंध सादर करतांना आलेस्सांद्रो कास्तेल्लानी यांनीं उघड सांगितलें कीं, कांहीं एट्रुस्कन कामें अशीं आहेत कीं, त्यांच्या सूक्ष्मतेची बरोबरी अद्याप साधलेली नाहीं. गिऱ्हाइकांची रांग दारांत उभी असतां असा कबुलीजबाब देणें सोपें नसतें. परंतु शिकणाऱ्याची खरी खूण तीच आहे. ज्याला आपली उणीव दिसते, त्याचें शिक्षण चालू असतें. ज्याला ती दिसेनाशी झाली, त्याचें तेथेंच थांबतें.

उणीव कोठें होती तें पुढें कळलें. इंग्लंडांतील एच्. ए. पी. लिट्लडेल यांनीं १९३३ सालीं जी रीत पुढें आणली ती ऐकावयास अगदीं साधी आहे. तांब्याचें एक संयुग डिंकांत किंवा सरसांत कालवावें आणि त्या लेपानें रवे जागच्या जागीं चिकटवावे. तापवूं लागलें म्हणजे डिंक जळून त्याचा कोळसा होतो. तो कोळसा तांब्याच्या संयुगांतील प्राणवायु ओढून घेतो. आणि जेथें रवा पत्र्याला टेकलेला असतो नेमक्या तेथेंच शुद्ध तांब्याचा अत्यंत पातळ थर उरतो. तांबें आणि सोनें यांचें मिश्रण शुद्ध सोन्याहून बरेंच आधीं, सुमारें ९०० अंशांवर वितळूं लागतें. त्यामुळें तेवढाच बिंदु जुळतो, आणि रवा व पत्रा अभंग राहतात. जर्मनींत एलिझाबेथ ट्रेस्को या सुवर्णकार बाईंनीं सुमारें १९३० च्या आसपास स्वतंत्र प्रयोगांनीं रव्यांचें काम साध्य केलें, आणि १९४८ पासून कलोन येथें त्या विद्यार्थ्यांना शिकवूं लागल्या. थडगें उघडलें १८३६ सालीं. उलगडा झाला १९३३ च्या सुमारास. मध्यें ९७ वर्षें गेलीं. पाहणें एका दिवसाचें होतें, शिकणें जवळजवळ एका शतकाचें झालें. आणि तेंहि प्लिनीचें व चेल्लिनीचें म्हणणें ग्रंथांत लिहिलेलें असतांना.

या हकीकतीचा बोध असा कीं, दागिने घडविणाऱ्या शिकाऊ माणसाला तीन गुरु लागतात: जुनी वस्तु, जिवंत हात आणि स्वतःची चूक. वस्तु ‘काय साधतां येतें’ हें सांगते, हात ‘कसें साधतें’ हें सांगतो, आणि चूक ‘अजून काय साधलेलें नाहीं’ हें सांगते. कास्तेल्लानींना वस्तु मिळाली, कारण ती पृथ्वीच्या पोटांत होती आणि कोणाला ती आटवितां आली नव्हती. हात मिळाले, कारण एका आडगांवच्या स्त्रियांनीं जुन्या घाटाचे दागिने अंगावरून उतरविले नव्हते.

रव्यांची ही विद्या आपल्याकडे परकी नाहीं. सोन्याच्या बारीक गोळ्यांना सोनार रवे म्हणतात आणि त्या कामाला रवाकाम. ज्या गुंजेनें सोनें तोललें जाई, आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा असा ज्या मापाचा हिशेब, तीच गुंज उगाळून तिच्या चिकट लेपानें सुटे भाग जागेवर धरावयाचे आणि मग जोडावयाचे, ही भारतांतील सोनारांची जुनी रीत आहे. शिकाऊ मुलगा आधीं फुंकणी फुंकावयास आणि तार ओढावयास बसे. विस्तवाचा रंग ओळखणें तो पुस्तकांतून शिकत नसे. शेजारीं बसलेल्या वडीलधाऱ्याच्या नजरेंतून शिकत असे. आज सांचे आणि यंत्रें यांतून दागिने झपाट्यानें निघतात. त्यांत गैर कांहीं नाहीं. परंतु फुंकणीपाशीं बसणारें पोर उठून गेलें, तर एका पिढीच्या आंत ती नजर नाहींशी होते, आणि मग ती परत मिळविण्यास कदाचित् पुन्हां शतक लागेल.

यांत सुशिक्षित घरांचा संबंध कोठें येतो, असें कोणी विचारील. तो घरांतील दागिन्यांच्या डब्याशीं येतो. आजीची बोरमाळ किंवा पाटल्या काढून मोडीस देणें आणि नव्या घाटाचें कांहीं करून घेणें हा प्रत्येक घराचा जुना परिपाठ आहे. सोनें ही संसाराची शिल्लक असते. अडीअडचणीला ती मोडावी लागते, आणि हौसेलाहि तिच्यांत जागा आहे. त्याला दोष देण्याचें कारण नाहीं. मात्र मुशींत सोनें उरतें, घडण उरत नाहीं. वजनांत जी तूट येते ती सोनार सांगतो. विद्येंत जी तूट येते ती कोणी सांगत नाहीं.

म्हणून जुना डाग मोडीस जाण्यापूर्वीं एवढें करावें: त्याचे पुढून आणि मागून स्वच्छ फोटो घ्यावे. पुढची बाजू रूप दाखविते, पण जोड कोठें आहे, पत्रा किती वांकविला आहे, रवे कसे बसविले आहेत हें मागची बाजू सांगते. घडविणारा कोण होता हें घरांतील वृद्धांना विचारून लिहून ठेवावें. ओळखीत एकादा वृद्ध सोनार असेल तर त्याच्यापुढें तो डाग ठेवून, हें कसें केलें असेल, असें विचारावें. आणि त्या वेळीं घरांतील किंवा शेजारचें, हातांना कामाची आवड असलेलें एकादें मूल जवळ बसवावें. म्हाताऱ्याचीं बोटें त्या डागावरून फिरतील आणि तो सांगूं लागेल. त्या मुलाला एकाच वेळीं वस्तु मिळेल आणि हातहि मिळेल. तिसरा गुरु, म्हणजे चूक, त्याला पुढें त्याच्या पाटावर आपोआप भेटेल.