जुनें शिवणयंत्र

तिरोडा तालुक्यांतील चोरखमारा हें गांव नागझिरा अभयारण्याच्या एका प्रवेशद्वारापाशीं वसलेलें आहे. मातीच्या धरणानें अडविलेला विस्तीर्ण तलाव, एका अंगाला रान, दुसऱ्या अंगाला धानाच्या बांध्या. येथें बाहेरचा माणूस येतो तो वाघाच्या, नाहीं तर पाखरांच्या आशेनें. एखाद्या घराच्या कोपऱ्यांत गोणपाटाखालीं झांकून ठेवलेल्या शिवणयंत्राकडे त्याचें लक्ष जाण्याचें कारण नाहीं. पण तलाव आणि रान यांच्या मध्यें राहणाऱ्या लोखंडी वस्तूला आषाढापासून आश्विनापर्यंत जी ओल सोसावी लागते ती ध्यानांत घेतली, म्हणजे जुन्या यंत्राच्या प्रकृतीचा विचार करावयास अशाच गांवापासून आरंभ करावा असें वाटतें.

खेड्यापाड्यांतून अशीं यंत्रें पुष्कळ आहेत. सासूनें घेतलेलें, कांहीं वर्षें घर चालविलेलें, आणि एके दिवशीं चाक फिरेनासें झालें म्हणून बाजूला सारलेलें. सुनेला शिवण येतें. पोलकीं, परकर, शाळेचे गणवेश यांना गांवांत तोटा नसतो. अडतें तें चाकापाशीं. अशा वेळीं दारावर भंगारवाला येतो. त्याच्या कांट्याला टांका कळत नाहीं, वजन कळतें, आणि ओतीव लोखंडाचें वजन भरपूर भरतें. चार पैसे हातीं येतात आणि घरची एक मिळकत गाडीवर चढून तिरोड्याची वाट धरते. तत्पूर्वीं एकच गोष्ट पाहावयाची असते: यंत्र खरोखरच मेलें आहे, कीं नुसतें जखडलें आहे? बहुतेक वेळां तें जखडलेलेंच असतें.

एलियस हौ या अमेरिकन कारागिराला दोन दोऱ्यांच्या टांक्याच्या यंत्राचें पेटंट १८४६ सालीं मिळालें, आणि आयझॅक मेरिट सिंगर याला त्याचें १८५१ सालीं. सिंगर कंपनीनें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचविशींत हिंदुस्थानांत पाय रोवले. नसरवानजी मेरवानजी पटेल हे पारशी गृहस्थ तिचे येथील मुख्य कारभारी होते. हप्त्यानें पैसे फेडण्याच्या सोयीमुळें, एकरकमी पैसा ज्याच्या गांठीं नाहीं अशा शिंप्याच्या दुकानांतहि तें यंत्र शिरलें. येथें आलेल्या पुष्कळशा यंत्रांचा जन्म स्कॉटलंडमधील क्लाइडबँकच्या कारखान्यांत झाला. तो कारखाना १८८५ सालीं उघडला आणि १९८० सालीं बंद पडला. त्याचीं यंत्रें मात्र अजून शिवतात. पुढें कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सनें ‘उषा’ हें देशी यंत्र काढलें आणि लुधियाना हें यंत्रांचें व सुट्या भागांचें मोठें ठाणें झालें. महात्मा गांधींनीं १९२४ सालीं यंत्रयुगावर टीका करतांना सिंगरच्या यंत्राला मुद्दाम वगळलें. पत्नीचे कष्ट पाहून तें रचलें गेलें, असा त्यांचा समज होता. सिंगरच्या संसाराची खरी हकीकत इतकी सोज्ज्वळ नाहीं, पण यंत्राच्या उपयुक्ततेविषयींचा गांधीजींचा अभिप्राय त्यामुळें खोटा ठरत नाहीं.

यंत्राची ओळख त्यावरील नांवावरून करूं नये. सोनेरी नक्षी कोणीहि चिकटवूं शकतो. खऱ्या सिंगरच्या पाटावर, खांबाच्या बुडाशीं, क्रमांक ठोकलेला असतो. १९०० च्या पूर्वींच्या यंत्रांवर नुसते आंकडे असतात, नंतरच्यांवर आरंभीं अक्षर. ‘एफ’ आणि ‘वाय’ हीं अक्षरें क्लाइडबँकचीं, ‘जी’ हें अमेरिकेंतील एलिझाबेथ गांवच्या कारखान्याचें. क्रमांकापेक्षांहि महत्त्वाची गोष्ट म्हणजे यंत्राची जात. पंधरा क्रमांकाच्या जातींत गोल बॉबिन उभ्या डबींत बसते. या जातीची नक्कल जगभर झाली, आणि म्हणूनच तिची बॉबिन, डबी व सुई आजहि कोणत्याहि मोठ्या बाजारांत मिळते. सत्तावीस आणि अठ्ठावीस या जातींत लांब शटल झुलतें. तें एकदां हरवलें कीं शोधीत हिंडावें लागतें. त्याहून जुन्या बारा क्रमांकाच्या यंत्राला सुईच निराळी लागते, आणि ती सहजासहजीं मिळत नाहीं. तेव्हां जुनें यंत्र विकत घेणाऱ्यानें रंग पाहूं नये. शटल जागेवर आहे का, ओतकामाला कोठें तडा गेला आहे का, आणि एखादा स्क्रू बेपत्ता नाहीं ना, हें पाहावें. सिंगरच्या स्क्रूंचे आटे कंपनीचे स्वतःचे असत. सायकलच्या दुकानांतला स्क्रू त्यांत बसत नाहीं, बसविलाच तर भोंक बिघडवितो.

आतां जखडलेल्या चाकाकडे वळावें. पहिला नियम असा कीं, जोर करूं नये. सुई आणि बॉबिन काढून शटलच्या वाटेंत डोकवावें. कित्येकदां तेथें अडकलेला वीतभर दोरा हाच सारा रोग असतो. तो नसेल तर गुन्हेगार तेल होय. घरांत जें तेल हाताशीं असेल तें यंत्रांत सोडण्याची खोड सार्वत्रिक आहे, आणि विदर्भांत जवसाचें तेल हाताशीं असे. जवसाचें तेल हवेंत वाळून चिवट सालीसारखें घट्ट होतें. रंगारी तें रंगांत घालतात तें याच गुणासाठीं. खोबरेल थंडींत गोठतें आणि कालांतरानें चिकटा धरतें. अशा तेलाचा थर सांध्यासांध्यांत बसला, त्यावर कापडाचे तंतू आणि धूळ मिसळली, कीं दणकट यंत्रहि दगडासारखें होतें. गंज वरून दिसतो म्हणून लोक त्याला भितात, पण आंतला हा चिकटा अधिक यंत्रें अडवितो.

उपाय साधा आहे, पण त्याला सवड लागते. चुलीपासून दूर, मोकळ्या हवेंत, प्रत्येक सांध्यांत आणि तेलाच्या प्रत्येक छिद्रांत रॉकेलचे दोन-चार थेंब सोडावे आणि यंत्र उन्हांत ठेवावें. तासाभरानें चाक केसभर पुढें, केसभर मागें करून पाहावें. पुन्हा थेंब, पुन्हा ऊन. कधीं दुसऱ्या दिवशीं चाक सुटतें, कधीं आठवडा लागतो. ज्यांना एवढा धीर नसतो ते हातोडी घेतात, आणि मग जें निव्वळ जखडलें होतें तें खरोखरच मरतें. चाक सुटल्यावर काळें पाणी गळेल तें पुसून घ्यावें आणि शिवणयंत्राचें पांढरें, पातळ खनिज तेल घालावें. रॉकेल धुतें, पण वंगण देत नाहीं; तें तसेंच ठेवून शिवूं लागल्यास लोखंड लोखंडाला खातें. रंगावर स्पिरिट लावूं नये. जुन्या नक्षीवरचा पारदर्शक लेप त्यानें विरघळतो आणि सोनें बोळ्यावर येतें.

चाक फिरतें पण सुई हलत नाहीं, अशीहि तक्रार येते. तेव्हां बॉबिन भरण्यासाठीं सैल करावयाची चाकाच्या मधली मूठ पाहावी. ती सैल राहिली असेल, किंवा तिच्या आंतली दांतेरी चकती कोणी उलटी बसविली असेल. टांका सुटत असेल तर आधीं सुई बदलावी. सुईच्या ज्या अंगाला लांब खांच, त्याच अंगानें दोरा ओंवावा. सुई तळाशीं जाऊन दोन-अडीच मिलिमीटर वर येते, त्या क्षणीं शटलचें टोंक नेढ्याच्या किंचित वरून गेलें पाहिजे. येथें चूक असेल तर मात्र गोंदियाच्या किंवा तिरोड्याच्या जाणत्या कारागिराकडे जाण्यांत कमीपणा नाहीं.

भंगारवाल्याखेरीज या यंत्रांना दुसरे वैरीहि निर्माण झाले आहेत. शहरांत ओतीव पायटा तेवढा ठेवून त्यावर फळी बसवितात आणि हॉटेलांत टेबल म्हणून मांडतात; वरचें यंत्र फेकलें जातें. ऑल सेंट्स या विलायती कापड दुकानदारांनीं तर आपल्या दर्शनी कांचांमागें जुन्या यंत्रांच्या रांगा शोभेसाठीं लावल्या. २००९ सालीं सौदी अरबस्तानांत सिंगर यंत्रांत ‘लाल पारा’ असतो अशी आवई उठली आणि मोडक्या यंत्रांना हजारो रियाल मोजले गेले. आंत पारा नव्हताच. उलट इंग्लंडांतील ‘टूल्स फॉर सेल्फ रिलायन्स’ या संस्थेनें जुनीं यंत्रें दुरुस्त करून आफ्रिकेंतल्या शिवणाऱ्या हातांकडे पाठविलीं. जुन्या यंत्रावर प्रेम करण्याची हीच रीत अधिक शहाणपणाची म्हणावी लागेल.

यंत्र चालूं झाल्यावर त्याची निगा फारशी कठीण नाहीं. रोज शिवणाऱ्यानें रोज एकेक थेंब तेल द्यावें, दांत्यांखालचे तंतू मऊ कुंचल्यानें काढावे, आणि काम संपल्यावर यंत्रावर प्लॅस्टिक न घालतां सुती कापड घालावें, कारण प्लॅस्टिकखालीं ओल कोंडते. तलावाकांठच्या गांवीं पावसाळ्यांत यंत्र भिंतीला टेकवूं नये, आणि लांकडी पाटाखालीं वाळवी चढत नाहीं ना तें अधूनमधून पाहावें. शिवण नसलें तरी आठवड्यांतून एकदां चाक फिरवावें. चामड्याचा पट्टा सर्द हवेंत सैल पडून चाकावरून घसरूं लागतो. तो बदलण्याची घाई करूं नये. आंकडी काढून बोटाच्या पेराएवढा तुकडा कापावा, चामड्याला टोंच्यानें नवें भोंक पाडावें आणि आंकडी पुन्हा पक्की वळवून घ्यावी.