दोन मार्कांनी नव्हे



मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. सांगवीतल्या निम्म्या लोकांची साखर मला पाठ आहे. आज मात्र एक जुनं खोटं मागे घ्यायला उभी राहिलेय.

बारावीनंतर, १९९६ साली, मी सगळ्यांना सांगत सुटले होते, "मेडिकल दोन मार्कांनी हुकलं." खरं तर पीसीबीत मला ३००पैकी १७४ होते. ५८ टक्के! तेव्हा नीट नव्हती, बारावीच्या गुणांवरच यादी लागायची. अर्जापुरते ५० टक्के पुरत, पण जागा नव्वदीच्या पुढच्यांनाच. वडील पिंपरीच्या एच.ए.मध्ये, पेनिसिलीनच्या कारखान्यात. मुलगी डॉक्टर होणार, हे त्यांनी खात्यात आधीच सांगून टाकलेलं.

गुणपत्रिका घेऊन मी आपल्या शास्त्राच्या बाईंकडे गेले. फॉर्म भरणार नाही म्हटलं. बाई म्हणाल्या, "नाही म्हणायचं काम त्यांचं आहे. तू कशाला करतेस?" म्हणून भरला. बी.जे.च्या रांगेत पुढच्या मुलीने टक्के विचारले. मी ९१ सांगितले. यादी लागली तेव्हा नाव शोधलंसुद्धा नाही. परत येताना दापोडीपर्यंत ते दोन मार्क तयार झाले होते. पुढे डीएमएलटी केलं. ते काम मला मनापासून आवडलं, हेही खरंच.

२०२३ साली मुलीला नीटमध्ये ७२०पैकी ३१२ पडले. खुल्या गटाची पात्रता १३७ची, म्हणजे ती पात्र होती. पण सरकारी एमबीबीएसच्या आसपासही नव्हती, आणि खासगीची फी आमच्या आवाक्यातली नाही. ती रडत म्हणाली, "आई, तुझे निदान दोनच मार्कांनी हुकले होते."

त्या रात्री माळ्यावरून गुणपत्रिका काढली आणि तिच्यापुढे ठेवली. बराच वेळ ती बोलली नाही. मग हसली, जरा जास्तच हसली, खरं सांगायचं तर. सकाळी तिने फॉर्म भरला. एमबीबीएस पहिलं लिहिलंच, खाली बीएएमएस, फिजिओथेरपी. आपल्याकडे त्यांनाही नीटच लागते. ती आता फिजिओथेरपीला आहे. माझ्या मानेवर सराव करते.

बाई, ती गुणपत्रिका आज पर्समध्ये आहे. जेवणाच्या वेळी तुम्हाला दाखवते. बाकीच्यांनीही बघायला हरकत नाही.